जीपचं कापडी हूड धुवायचं कसं आणि सोलापूरच्या उन्हात टिकवायचं कसं

आपल्याकडे आता जुन्या जीपला कॅनव्हासचं हूड, म्हणजे कापडी छत, शिवून घेतलेले आणि थार कन्व्हर्टिबल घेतलेले बरेच जण झालेत, संध्याकाळी होटगी रोडला दिसतातच. गाडी चकाचक असते पण हूड बघावं तर पांढरट पडलेलं, कडेची शिवण उसवलेली, मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी. लई वाईट वाटतं बघून. कारण एकच, पत्रा धुतात तसंच हूड धुतात. ते कापड आहे ओ, पत्रा नाही.

मीही आधी तेच करायचो. माझ्या जीपचं पहिलं हूड एका वॉशिंग सेंटरवर प्रेशरच्या पाइपने धुवून घेतलं, त्याने जवळून असा फवारा मारला की शिवणीतला दोरा पिंजला आणि पुढच्या पावसात पाणी थेट सीटवर. नवीन हूड शिवून आणलं आणि रविवारी दारात ब्रशने गोल गोल घासत बसलो होतो, तेव्हा आमचे मामा आले. त्यांचं अख्खं आयुष्य कापड विणायच्या मागावर गेलंय. म्हणाले, "अरे गोल काय घासतोस, ताणा कुठल्या बाजूला आहे बघ आणि त्या बाजूने हात फिरव." ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे. गोल किंवा आडवंतिडवं घासलं की धाग्यावरचे तंतू उचलले जातात, कापडावर लव येते आणि त्या लवेत धूळ आणखी बसते. तेव्हापासून मी हूडकडे चादरीसारखं बघतो.

आधी तुमचं हूड कशाचं आहे ते ओळखा. बोटाने विण जाणवते आणि जवळून बघितलं तर धागे दिसतात ते कापडी. गुळगुळीत, रबरासारखं लागतं ते रेक्झिन, म्हणजे वरून पीव्हीसीचा, व्हिनाइल प्लास्टिकचा थर. दोघांचं धुणं साधारण सारखंच पण वरून मारायचं औषध वेगळं, त्यामुळे हे आधी नक्की करा. मी खाली सांगतोय ते मुख्यतः कापडीसाठी.

पाणी लावायच्या आधी कोरडी धूळ काढा, ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. आपल्याकडची धूळ बारीक आणि काळ्या मातीची, तिच्यावर डायरेक्ट पाणी मारलं की चिखल होऊन विणीत बसते. व्हॅक्यूम असेल तर उत्तम, नसेल तर कपड्यांचा मऊ ब्रश घेऊन वरून खाली झटका, शिवणीच्या खाचा आणि काचेच्या वरची पट्टी विसरू नका, कडुनिंबाखाली गाडी लावत असाल तर तिथे पानाकाड्यांचा चुरा साठलेला असतोच. कबुतराची घाण वाळली असेल तर खरवडू नका, ओला फडका दहा मिनिटं वर ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या.

धुवायला सकाळी सातच्या आत किंवा सावलीत. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, तापलेल्या हूडवर फेस टाकला की जागेवर वाळतो आणि डाग पडतो. साध्या पाइपने, बोटाने धार न दाबता, पूर्ण हूड भिजवून घ्या. बादलीत कार शॅम्पू, सौम्य, 'पीएच न्यूट्रल' (म्हणजे आम्लही नाही, क्षारही नाही) लिहिलेला. कपड्याची पावडर, भांड्याचा साबण, ब्लीच यातलं काहीही नको, रंग उडतो आणि कापडावर आधी दिलेलं पाणी न शोषणारं फिनिश निघून जातं. मग मऊ ब्रश, घोड्याच्या केसांचा मिळाला तर भारी, आणि हातभर जागा घेऊन विणीच्या दिशेने हलक्या हाताने. एक तुकडा झाला की फेस वाळायच्या आत धुवून टाका, मग पुढचा.

आता खळखळून धुणं म्हणजे खरंच खळखळून, खाली येणारं पाणी स्वच्छ आणि बिनफेसाचं दिसेपर्यंत. साबण विणीत राहिला तर नंतर पाणी थेंबासारखं घरंगळण्याऐवजी कापडात शिरतं. आणि पाणी कुठलं वापरताय ते बघा. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही म्हणून बरेच जण बोअरचं वापरतात, ते जड असतं, काळ्या हूडवर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. बोअरने धुवा पण शेवटची एक बादली नळाच्या पाण्याची ठेवा. आरओचं वाया जाणारं पाणी साठवून गाडीला वापरणारेही आहेत, पाणी वाचवायचा विचार चांगलाच आहे पण त्या पाण्यात क्षार उलट जास्त असतात, ते फरशीला वापरा, हूडला नको.

पुसायला मायक्रोफायबर घ्या आणि घासू नका, दाबून पाणी टिपा. आपला सोलापुरी टॉवेल पाणी मस्त टिपतो पण त्याचे धागे काळ्या कापडाला चिकटतात, तो अंगालाच बरा. मग हूड वर, ताणलेलंच ठेवून पूर्ण वाळू द्या, पूर्ण म्हणजे शिवणीच्या दुमडीतसुद्धा, एक दिवस धरून चाला. ओलं हूड घडी घालून ठेवलं की बुरशी आली म्हणून समजा. हिरवट काळे ठिपके दिसायला लागले असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून बघा, रंग गेला नाही तर ठिपक्यांवर लावा, थोडा वेळ ठेवून हलका ब्रश मारून धुवा.

वाळल्यावर हूडवर थोडं पाणी शिंपडा. थेंब गोल होऊन घरंगळले तर अजून संरक्षण शाबूत आहे, पैसे वाचवा. पाणी पसरून कापड गडद झालं तर प्रोटेक्टंट, म्हणजे पाणी अडवणारं औषध, मारायची वेळ झाली. कापडासाठीचाच फॅब्रिक प्रोटेक्टंट घ्या, रेक्झिनवाल्यांनी व्हिनाइलसाठीचा, ऊन म्हणजे यूव्ही अडवणारा. टायर पॉलिश, सिलिकॉनचं चकचकीत स्प्रे किंवा घरातलं तेल कापडावर कधीच लावू नका, दोन दिवस काळंभोर दिसतं आणि मग सगळी धूळ धरून ठेवतं. मारायच्या आधी काच आणि पत्रा जुन्या पेपरने आणि टेपने झाका. वारा नसताना, सावलीत, सगळीकडे सारखा हात, शिवणीवर जरा जास्त, कारण सुईच्या भोकांतूनच पाणी शिरतं. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ द्या. काचेवर उडालंच तर लगेच पुसा. त्यानंतर दिवसभर पाणी लागू देऊ नका.

मी वर्षातून दोनदा हे सगळं करतो, एकदा मे अखेरीस आणि एकदा ऑक्टोबरमध्ये. आपला जोरदार पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरात येतो, तेव्हा हूड तयार पाहिजे. मध्ये नुसती धूळ झटकायची आणि पाण्याच्या थेंबाची टेस्ट करत राहायचं, गाडी दिवसभर उन्हात उभी असेल तर लेप लवकर जातो. कव्हर घालत असाल तर हवा खेळणारं घ्या, प्लास्टिकची ताडपत्री नको, आत वाफ धरते. आणि धुळकट हूडवर कव्हर चढवू नका, वाऱ्याने ते हलतं आणि मधली धूळ सँडपेपरसारखी काम करते.

प्लास्टिकच्या खिडक्यांचं वेगळं. कोरड्या फडक्याने एकदा जरी पुसली तरी ओरखडे, म्हणून आधी भरपूर पाणी मग ओला मायक्रोफायबर. अमोनियावालं काचेचं लिक्विड चालत नाही, प्लास्टिक धुरकट होतं. खिडकी गुंडाळताना आत मऊ फडका ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात प्लास्टिक प्लास्टिकला चिकटतं आणि घडीचा वळ कायमचा राहतो. खिडकीची चेन (झिप) अडकत असेल तर ओढाताण करू नका, दातांतली माती जुन्या टूथब्रशने काढा आणि साधी मेणबत्ती वरून खाली दोनदा फिरवा, लगेच पळायला लागते.