संतांचा मान आणि देवाची आराधना: फरक कसा ओळखावा

बेळगाव-खानापूर भागात मराठी, कोकणी आणि कन्नड बोलणारे कॅथलिक शेजारी-शेजारी राहतात, आणि येशूची आई मरिया हिच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावणाऱ्याला ‘ही तुमची देवी का?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर देण्यापूर्वी मूर्तीकडे न पाहता प्रार्थनेच्या शब्दांकडे लक्ष द्यावे. संतांच्या नामावळीत प्रत्येक संताच्या नावानंतर ‘आमच्यासाठी विनंती कर’ असे म्हणतात, तर देवाला उद्देशून ‘आमच्यावर दया कर’ असे शब्द येतात. माझ्या मते सारा फरक या दोन वाक्यांतच दिसतो.

इ. स. 787 मध्ये निकिया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने पवित्र प्रतिमांना वंदन करण्यास मान्यता दिली, पण खरी आराधना केवळ देवाचीच असे ठरवले, आणि प्रतिमेला दिलेला मान तिच्यात दाखवलेल्या व्यक्तीला पोहोचतो, असेही स्पष्ट केले. आराधनेला ‘लात्रिया’ आणि संतांच्या सन्मानाला ‘दुलिया’ ही नावे रूढ आहेत.

देहाची कृती मात्र फसवते, कारण गुडघे दोन्हीकडे टेकले जातात. म्हणून मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, पाहावी: संताच्या सणादिवशीही ती संताला नव्हे, देवालाच अर्पण होते. मेथडिस्ट आणि इतर प्रोटेस्टंट बांधव संतांकडे विनंती करीत नाहीत. त्यांच्याशी बोलताना हा मतभेद खरा आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे. घरी मुलांना शिकवताना ‘मरियेकडे माग’ असे अर्धवट न सांगता ‘आपल्यासाठी देवाकडे मागायला मरियेला सांग’ असे पूर्ण वाक्य वापरावे.