बीटामधल्या ब्राउझरबद्दल मत देताना या चुका टाळा

जून उजाडला की आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात डबा खाताना एकच विषय असतो. ॲपलची परिषद नुकतीच झालेली असते, नव्या आयओएसचा, म्हणजे आयफोनच्या प्रणालीचा, बीटा (चाचणी आवृत्ती) आलेला असतो आणि कुणीतरी तो रात्रीच फोनवर टाकून आलेलं असतं. "सफारीची पार वाट लावलीय," हे पहिलं वाक्य; सफारी म्हणजे आयफोनमधला ब्राउझर. "जुनं परत कसं आणायचं?" हे दुसरं. मी स्क्रीन डिझाइनचं काम करते, त्यामुळे दुसरा प्रश्न माझ्याकडे येतो. पण मला जास्त काळजी पहिल्या वाक्याची वाटते. बीटा काढतात तोच लोकांनी वापरून बोलावं म्हणून. त्या दोन-तीन महिन्यांत वापरणाऱ्याच्या शब्दाला खरंच वजन असतं, आणि आपण तो घाईघाईत वाया घालवतो.

घरी बसून मत बनवणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर जास्त बोलते. जून २०२१ मध्ये आयओएस १५ च्या बीटात सफारीचा ॲड्रेस बार, म्हणजे पानाचा पत्ता लिहायची पट्टी, वरून थेट खाली आला. तेव्हा आम्ही सगळे घरूनच काम करत होतो. नौपाड्यातल्या घरी, टेबलावर कोपरं टेकवून, दोन्ही हातांत फोन धरून मी तो वापरला आणि दुसऱ्याच दिवशी लिहून मोकळी झाले: बार वरच हवा, इतक्या वर्षांची सवय मोडायचं काही कारण नाही.

मग १५ ऑगस्टपासून दोन डोस झालेल्यांना लोकलचा पास मिळायला लागला. माझाही निघाला. ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या गाडीत चढले तेव्हा डावा हात वरच्या कडीत, पाठीवरची बॅग पोटाशी आणि फोन उजव्या हातात. अंगठा वरच्या टोकापर्यंत न्यायचा तर फोन तळहातात सरकवावा लागत होता, आणि त्या गर्दीत फोन सरकवणं म्हणजे तो पायाखाली घालवणं. खालच्या कडेला मात्र अंगठा आपसूक टेकत होता. ऐरोली येईपर्यंत माझं मत पालटलं होतं.

यात नवल काहीच नव्हतं. मोबाइल डिझाइनचे अभ्यासक स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये रस्त्यावर, बस थांब्यांवर, गाड्यांमध्ये फोन वापरणाऱ्यांच्या १,३३३ नोंदी मांडल्या होत्या. त्यात स्क्रीनला बोट लावून फोन वापरणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक तो एकाच हाताने वापरत होते. २०११ मध्ये विंडोज फोनवरच्या इंटरनेट एक्सप्लोररनेही बार खालीच ठेवला होता. हे सगळं मला कामामुळे ठाऊक होतं. तरी टेबलाशी बसल्यावर ते आठवलं नाही, कारण तिथे त्याची गरजच पडत नव्हती.

तेव्हा निदान आठवडाभर थांबा. फलाटावर वापरा, गोखले रोडवरून चालताना वापरा, पावसात ओल्या बोटांनी वापरा. तलावपाळीवर दुपारच्या उन्हात एखादं पान वाचून बघा. आयओएस २६ मधल्या पारदर्शक काचेसारख्या पट्ट्यांचा खरा कस उन्हात लागतो, ट्यूबलाइटखाली नाही.

लपलेल्याला बिघडलेलं समजणं

"टॅबचं बटण गेलं." गेलेलं नसतं. आयओएस २६ पासून सफारीच्या मांडणीचे तीन प्रकार आहेत: कॉम्पॅक्ट, बॉटम आणि टॉप. मुळात मिळतो तो कॉम्पॅक्ट, आणि त्यात टॅब, शेअर, बुकमार्क हे सगळं तीन ठिपक्यांच्या बटणामागे जातं. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात सफारी, त्यात टॅब्ज, एवढं केलं की प्रकार बदलता येतो. न बदलताही चालतं: ॲड्रेस बारवरून बोट वर सरकवलं की सगळे टॅब दिसतात, आडवं सरकवलं की शेजारच्या टॅबवर जाता येतं. पान ताजं करायला ते खाली ओढायचं.

पट्टीमागचा मजकूर मध्ये येऊन अक्षरं वाचता येत नसतील तर ॲक्सेसिबिलिटीमधल्या डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझमध्ये रिड्यूस ट्रान्सपरन्सी चालू करा. नोव्हेंबर २०२५ मधल्या २६.१ पासून डिस्प्ले अँड ब्राइटनेसमध्ये लिक्विड ग्लाससाठी, म्हणजे या काचेसारख्या रूपासाठी, टिंटेड हा पर्यायही आहे. तो घेतला की काच जरा कमी पारदर्शक होते.

आता माझं मत. सेटिंग बदलून भागलं म्हणून तक्रार गिळू नका. रोज लागणारं बटण दोन टॅपमागे ढकललं असेल तर ते सांगायलाच हवं. २०२१ च्या पहिल्या बीटात पान ताजं करायचं बटण असंच मेनूत गेलं होतं. लोकांनी नेमकं तेच लावून धरलं आणि जुलैअखेरच्या चौथ्या बीटात ते परत बारमध्ये आलं. ऑगस्टमध्ये तर अख्खा बार वर नेण्याचा पर्यायही मिळाला. मात्र 'बिघडलं' आणि 'लपलं' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या वेगवेगळ्या लोकांकडे जातात. पहिली प्रोग्रॅमरकडे, दुसरी डिझायनरकडे. चुकीच्या टेबलावर पडलेला कागद पडूनच राहतो.

बोट दाखवून विचारणं

एका ब्राउझरची चाचणी आवृत्ती मी शेजारच्या काकूंच्या हातात दिली होती. "काकू, हे बटण आता इथे आणलंय, बरं वाटतं का?" असं विचारलं. काकू म्हणाल्या, "हो गं, छान आहे." संपलं. माझ्या हाती काही लागलं नाही, कारण उत्तर मीच देऊन ठेवलं होतं.

चार दिवसांनी परत गेले आणि एवढंच म्हटलं, "मघाशी उघडलेलं पंचांगाचं पान परत आणाल का?" आणि गप्प बसले. काकूंचा अंगठा खालच्या उजव्या कोपऱ्यात गेला. तिथे टॅबच्या बटणाचे दोन चौकोन असायचे, आता नव्हते. अंगठा काचेपासून अर्धा इंच वर तसाच थांबला. मग डावीकडच्या मागच्या बाणावर गेला, परत आला, आणि शेवटी काकूंनी मुख्य स्क्रीनवर जाऊन ब्राउझर नव्याने उघडला. नंतर विचारलं तर तेव्हाही त्या म्हणाल्या, "छानच आहे की!"

तोंडच्या उत्तरापेक्षा तो अधांतरी थांबलेला अंगठा टिपून घ्या. काम सांगा, बटण सांगू नका. आणि जीभ चावून का होईना, मध्ये बोलू नका.

फक्त इंग्रजी पानांवर तपासणं

ही चूक मराठी माणसानेच करावी याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी-मात्रा असते, खाली उकार असतो, 'राष्ट्र'मधल्या 'ष्ट्र'सारखं जोडाक्षर मध्येच खोल उतरतं. पट्टी बारीक केली की आधी मार बसतो तो आपल्या लिपीला. अक्षरांचा आकार दोन पायऱ्या मोठा करा, मराठी पानं उघडा आणि टॅबवरची शीर्षकं नीट बघा: रफार कापला जातोय का, उकार कडेला टेकतोय का?

दुसरं, शीर्षक कुठे तुटतं ते पाहा. समजा 'ठाणे महानगरपालिका: पाणीपट्टी' आणि 'ठाणे महानगरपालिका: मालमत्ता कर' अशी दोन पानं उघडी आहेत. अरुंद टॅबवर दोन्ही 'ठाणे महा…' होतात आणि मग माणूस चाचपडत बसतो. मॅक कॉम्प्युटरच्या मॉन्टेरे या प्रणालीच्या बीटात २०२१ मध्ये ॲड्रेस बार टॅबमध्येच घुसवून सगळं एका ओळीत आणलं होतं, तेव्हा टॅब असेच आकसले होते. जुलैतल्या तिसऱ्या बीटात टॅबची वेगळी ओळ परत आली आणि एका ओळीची मांडणी पर्याय म्हणून राहिली. पण देवनागरीत काय होतं हे आपण सांगितलं नाही तर दुसरं कोण सांगणार?

एकुलत्या एका फोनवर बीटा टाकणं

नका टाकू. माझ्या बँकेचं ॲप बीटावर दोन आठवडे उघडत नव्हतं आणि महिन्याची एक तारीख आली होती. दुसरा फोन नसेलच तर आधी कॉम्प्युटरवर बॅकअप घ्या आणि तो अर्काइव्ह करून, म्हणजे पुसला जाणार नाही असा वेगळा, ठेवा. बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर परत चढत नाही.

"बकवास आहे" एवढंच लिहिणं

बीटासोबत फीडबॅक असिस्टंट हे ॲप येतं. त्यात लिहायचं आणि लवकर लिहायचं. आयओएस १५ सर्वांसाठी आलं २० सप्टेंबर २०२१ ला, आयओएस २६ आलं १५ सप्टेंबर २०२५ ला. गणपतीत बसून लिहिलेल्या तक्रारीला वेळच उरत नाही. मी आता साधारण असं लिहिते:

"चालत्या गाडीत उभी होते. फोन उजव्या हातात, अक्षरं दोन पायऱ्या मोठी. तीन टॅब उघडे, तिन्ही मराठी पानं. बातमीवरून आधीच्या टॅबवर जायचं होतं. बटण उजव्या कोपऱ्यात शोधलं, मिळालं नाही. दोनदा चुकून मागच्या पानावर गेले. आठवड्यात पाच वेळा झालं."

सोबत स्क्रीन रेकॉर्डिंग जोडा. पाठवायच्या आधी ते एकदा शेवटपर्यंत बघा. मध्येच वर ओटीपीचा मेसेज येऊन गेलेला असतो आणि आपलं लक्ष नसतं.