डबलसीट आणि भरल्या सामानाच्या गाडीसाठी मागचा शॉकअब कसा निवडावा

इंदूरहून पुण्याला सासुरवाडीस मोटारसायकलने जायचे, तर खलघाट आणि सेंधवा ओलांडून बिजासन घाट लागतो आणि गाडी मागून किती बसली आहे हे तिथल्या वळणांवर आपोआप कळते. मागे पत्नी, दोन्ही बाजूंना पेट्या आणि वर टॉपबॉक्स अशा अवस्थेत हँडल हलके पडते, वळणात गाडी बाहेरच्या बाजूला जाऊ पाहते आणि दिव्याचा झोत वर गेल्यामुळे समोरचे ट्रकवाले आपल्याला अकारण डिपर मारू लागतात. खड्ड्यात शॉकअबचे बूड टेकल्याचा दणका त्यानंतर येतो, पण बहुतेकांचे लक्ष त्या दणक्याकडेच जाते. ‘शॉकअब कडक करून घ्या’ हा सल्ला त्यातूनच निघतो. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे.

मी पहिला बदली शॉकअब घेतला तेव्हा दुकानदाराने गाडीचे मॉडेल विचारले; माझे वजन, मागे बसणाऱ्याचे वजन, सामान किती, यांपैकी काहीही विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. वस्तू देखणी होती, पण स्प्रिंग आमच्या ओझ्याला अपुरीच ठरली, आणि तो शॉकअब पुढे दोन वर्षांनी घरातल्या माळ्यावर गेला. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की शॉकअब नावावरून नव्हे तर वजनावरून निवडावा, आणि वजन अंदाजाने नव्हे तर काट्यावर करावे.

प्रवासाला निघताना जसे निघतो, तसेच सर्वांनी वजनाच्या काट्यावर उभे राहावे, म्हणजे हेल्मेट, जॅकेट आणि बूट घालून. सामान रद्दीवाल्याकडे असतो तशा आकड्याच्या काट्याला अडकवून पेटीसकट मोजावे, कारण रिकाम्या पेट्या आणि त्यांची लोखंडी चौकट यांचेच वजन पुष्कळ भरते. आमच्याकडे हे मोजमाप चालू असताना पत्नीने विचारले, “शेवेच्या पिशव्या धरल्या का?” धरल्या नव्हत्या. पुण्याच्या नातेवाइकांसाठी नेलेली शेव आणि नमकीन मिळून 4 किलो निघाले, आणि ते सगळे टॉपबॉक्समध्ये, म्हणजे सर्वांत वाईट जागी, ठेवलेले होते. मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे ठेवलेला 1 किलो मागच्या चाकावर 1 किलोपेक्षा जास्त भार टाकतो आणि वरचा तो जादा भार पुढच्या चाकावरून उचलतो. म्हणून जड वस्तू खाली आणि शक्य तितक्या पुढे, हलक्या वस्तू वर, एवढी फेरमांडणी पैसे खर्च करण्याआधी अवश्य करावी. एकूण भार गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या कमाल मर्यादेच्या आत आहे ना, हेही याच वेळी पाहावे. नवा शॉकअब बसवल्याने ती मर्यादा वाढत नाही, कारण मागची फ्रेम, चाके, टायर आणि ब्रेक जुनेच असतात.

आता सॅग मोजायचा. सॅग म्हणजे गाडी आपल्या भाराने मागून किती बसते ते अंतर. यासाठी तीन माणसे, एक मोजपट्टी आणि चिकटपट्टीचा तुकडा पुरतो. मागच्या आसाच्या बरोबर वर, साइड पॅनेलवर किंवा फ्रेमवर चिकटपट्टी लावून खूण करावी. गाडी मुख्य स्टँडवर घेऊन मागचे चाक पूर्ण अधांतरी असताना आसापासून खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे. मग गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी करून, नंतर एकट्याने बसून, आणि शेवटी डबलसीट व सामानासह, असे आणखी तीन वेळा तेच अंतर मोजावे. प्रत्येक वेळी गाडी हाताने खाली दाबून हळूच सोडल्यावर एक आणि वर उचलून हळूच सोडल्यावर एक, असे दोन आकडे घेऊन त्यांची सरासरी धरावी, कारण सील आणि बुशच्या घर्षणामुळे एकच आकडा फसवतो.

माझ्याकडे रॉयल एनफील्डची जुनी 411 सीसीची हिमालयन आहे, जिच्या मागच्या चाकाची हालचाल 180 मिमी आहे. अधांतरी अंतर 612 मिमी आले, नुसती गाडी उभी केल्यावर 588, मी एकटा बसल्यावर 556 आणि पूर्ण भारासह 510. म्हणजे रिकामा सॅग 24 मिमी, एकट्याचा 56 आणि भरलेला 102. रस्त्यावरच्या प्रवासासाठी बसल्यावरचा सॅग एकूण हालचालीच्या सुमारे तीस ते पस्तीस टक्के असावा, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. एकट्यासाठी 56 म्हणजे एकतीस टक्के, ठीकच. भरल्या गाडीचा 102 म्हणजे सत्तावन्न टक्के. अर्ध्याहून अधिक हालचाल गाडी जागेवर उभी असतानाच संपलेली.

इथे प्रत्येक जण सी-स्पॅनर (शॉकअबचे कडे फिरवण्याचा आकडेदार पाना) घेऊन प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, शेवटपर्यंत आवळतो. मीही आवळला. भरलेला सॅग 102 वरून 82 वर आला आणि रिकामा 24 वरून 4 वर. दोन्ही आकडे सारखेच, 20 मिमीने, उतरले. प्रीलोडचे काम एवढेच आहे. तो गाडीचे मागचे बूड वर उचलतो. स्प्रिंग कडक करत नाही. प्रीलोड आवळण्याआधी आणि नंतरही तेवढाच जादा भार स्प्रिंगला तेवढीच दाबतो. त्यामुळे 82 मिमी हा आकडा अजूनही जास्त, आणि रिकामी गाडी मात्र जवळजवळ टोकापर्यंत ताणलेली, अशी दोन्हींकडून अडचण झाली.

स्प्रिंग बदलावी की नाही, याची खरी परीक्षा याच जोडीत आहे. भरलेला सॅग प्रीलोडने योग्य आकड्यावर आणावा आणि मग सगळे उतरवून रिकामा सॅग पाहावा. तो जवळजवळ शून्य असेल तर स्प्रिंग मऊ आहे. तो खूप मोठा असेल तर स्प्रिंग कडक आहे. हे ऐकायला उलटे वाटते आणि म्हणूनच पुष्कळ मिस्त्रीही इथे चुकतात, पण मऊ स्प्रिंगला भार पेलण्यासाठी इतके आवळावे लागते की भार उतरताच ती गाडी पूर्ण वर ढकलते, हे लक्षात घेतले की गोंधळ उरत नाही.

किती कडक हवी, हे याच आकड्यांतून काढता येते. माझ्या आणि पत्नीच्या वजनाने व सामानाने मिळून गाडी 102 उणे 24, म्हणजे 78 मिमी बसत होती. मला भरलेला सॅग 63 मिमी (पस्तीस टक्के) आणि रिकामा किमान 5 मिमी हवा होता, म्हणजे त्याच भाराने गाडी 58 मिमीच बसायला हवी. 78 भागिले 58 म्हणजे साधारण 1.34, स्प्रिंग मूळच्यापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कडक हवी. लिंकेजचे, म्हणजे शॉकअब आणि मागचे चाक यांना जोडणाऱ्या सांध्यांचे, गणित न करताही हा हिशोब चालतो, फक्त स्प्रिंग सरळ, म्हणजे सर्वत्र सारखा पीळ असलेली हवी. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग आधी मऊ आणि पुढे कडक होत जाते. भार रोज बदलत असेल तर ती सोयीची आहे, परंतु नेहमी भरल्या गाडीनेच हिंडणाऱ्याने सरळ स्प्रिंग घ्यावी असे मला वाटते, कारण तिचा हिशोब आधी मांडता येतो. स्प्रिंगवरच्या अंकापुढचे एकक मात्र नीट वाचावे: 1 किलो प्रति मिमी म्हणजे सुमारे 9.8 न्यूटन प्रति मिमी किंवा 56 पाउंड प्रति इंच.

नुसती स्प्रिंग बदलून भागेल का? स्प्रिंग थोडीच बदलायची असेल आणि शॉकअब नवा असेल तर कदाचित भागेल. एक-तृतीयांश फरकाला सहसा भागत नाही. कडक स्प्रिंग दाबल्यावर जास्त जोराने उसळते आणि तिला आवरण्याचे काम शॉकअबमधले तेल करते. उसळी आवरण्याचे हे काम, म्हणजे रिबाउंड डॅम्पिंग, मूळच्या मऊ स्प्रिंगसाठी ठरवलेले असते. मग गतिरोधकानंतर मागची बाजू दोन-तीन वेळा वरखाली होत राहते. म्हणून रिबाउंड बदलता येईल असा शॉकअब घ्यावा आणि विक्रेत्याला आपल्या वजनांची यादी देऊन स्प्रिंग व आतली जुळणी त्याप्रमाणे मागावी. स्वीडनची ओहलिन्स, थायलंडची वायएसएस, नेदरलँड्सची हायपरप्रो किंवा जर्मनीची विल्बर्स, नाव कोणतेही असो, जो विक्रेता वजन विचारत नाही त्याच्याकडे थांबू नये.

नायट्रोजन भरलेल्या आणि वेगळी टाकी असलेल्या शॉकअबसाठी जादा पैसे द्यावेत का, याचे उत्तर रस्त्यावर अवलंबून आहे. इंदूरजवळच्या सिमरोलपुढच्या भेरूघाटातून ओंकारेश्वरला जाऊन यायचे असेल तर गरज नाही. तासन्‌तास उखडलेल्या रस्त्यावरून भरली गाडी न्यायची असेल, तर तेल तापते, पातळ होते, त्यात फेस येऊन डॅम्पिंग ढिले पडते. वेगळ्या टाकीत तेल जास्त मावते आणि वायूच्या दाबामुळे फेस धरत नाही. अशा शॉकअबमध्ये नायट्रोजनच्या जागी पंक्चरच्या दुकानातली हवा कधीही भरू देऊ नये, त्या हवेत ओलावा असतो.

मी ज्या सोयीसाठी आनंदाने पैसे दिले ती म्हणजे हाताने फिरवण्याचा हायड्रॉलिक प्रीलोड. नव्या स्प्रिंगवर मी एकटा बसलो की गाडी सुमारे 24 मिमीच बसते, म्हणून एकट्यासाठी 54 मिमी सॅग हवा असेल तर रिकामा सॅग 5 वरून 30 वर न्यावा लागतो. चाकापाशी हा 25 मिमीचा फरक आहे. तो दर वेळी सी-स्पॅनरने करायचा म्हटले तर इंदुरातल्या राजवाड्यापर्यंत जाऊन यायलाही कोणी करणार नाही, आणि गाडी कायम चुकीच्या जुळणीवर फिरेल.

मागवण्यापूर्वी दोन्ही टोकांच्या भोकांच्या मध्यांमधले अंतर, बुशचा व्यास आणि रुंदी पडताळावी. लांबी मूळचीच ठेवावी. लांब शॉकअबने गाडी उंच होते, साइड स्टँडवर जास्त कलते आणि हाताळणी बदलते. शॉकअबच्या वेगळ्या टाकीची नळी सायलेन्सर किंवा पेटीच्या चौकटीला घासत नाही ना, तेही बघावे. रॉयल एनफील्डच्याच इंटरसेप्टरसारख्या दोन शॉकअबच्या गाडीत मागच्या चाकाची हालचाल 88 मिमीच असल्याने तिथे प्रत्येक मिलिमीटर महागडा असतो. तिथे शॉकअब जोडीनेच बदलावेत आणि दोन्हींचे प्रीलोड सारखे ठेवावे. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरकडून आधी लेखी विचारून घ्यावे.

बसवताना लिंकेजचे बेअरिंग उघडून पाहावेत. माझ्या गाडीतले एक बेअरिंग गंजून इतके घट्ट झाले होते की बोटाने फिरत नव्हते, आणि जुन्या शॉकअबला मी दिलेल्या दोषांतला काही वाटा त्याचाच होता. साफसफाई आणि नवे ग्रीस यांना काहीशे रुपये लागतात.

त्यानंतर सॅग पुन्हा मोजून प्रीलोड ठरवावा. रिबाउंडचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून तिथून उलटे क्लिक मोजत कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर यावे आणि एका वेळी दोनच क्लिक बदलून त्याच रस्त्यावर पुन्हा फिरून पाहावे. मागची बाजू उसळत राहिली तर रिबाउंड कमी आहे. लागोपाठच्या खड्ड्यांत गाडी क्रमाक्रमाने खाली दबत जाऊन टणक लागली तर रिबाउंड जास्त आहे. चेनचा ताण भरल्या गाडीवरही तपासावा आणि दिव्याचा झोत रात्री भिंतीवर पाहून लावावा. स्प्रिंग आणि बुश थोडे बसतात, म्हणून सुमारे 1000 किलोमीटरनंतर सॅग एकदा परत घ्यावा. माझ्या सीटखाली चिकटपट्टीवर लिहिले आहे: एकटा, प्रीलोड 4, रिबाउंड 14; डबलसीट आणि पेट्या, प्रीलोड 22, रिबाउंड 10.