गाडीच्या आतल्या प्लास्टिकला घरी रंग मारताना

भाऊ, रंग मारणं सोपं आहे, खरं काम त्याच्या आधीचं. मी पहिल्यांदा दाराची पट्टी नुसती ओल्या फडक्यानं पुसून रंगवली अन् आठ दिवसात नखानं कांद्याच्या सालीसारखा रंग निघाला, कारण डॅशबोर्ड पॉलिशचं सिलिकॉन प्लास्टिकवर तसंच बसलं होतं. म्हणून पट्टी खोलून आधी भांड्याच्या साबणानं घासा, वाळू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा अन् ४०० ते ६०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवा, चमक गेली पायजे. पट्टीच्या मागून पाहा, पीपी (म्हणजे पॉलिप्रोपिलीन, प्लास्टिकचाच एक प्रकार) कोरलेलं असन तर प्लास्टिक प्रायमरशिवाय, म्हणजे रंग चिकटावा म्हणून आधी मारायच्या थराशिवाय, रंग धरतच नाही, तिथं पैसे वाचवू नका.

स्प्रे एकदम जाड नको, पातळ तीन हात, मधात १०-१५ मिनिटं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, रंग हवेतच वाळून खरबरीत बसते, म्हणून सकाळी सातच्या आत, सावलीत मारा, अन् आंगण आधी शिंपडून घ्या म्हणजे धूळ खाली जमिनीवरच बसन. अन् एअरबॅग असलेल्या कव्हरला हात लावूच नका बाप्पा, तिथं जिवाचा प्रश्न आहे.