केस गळतायत? तेल बदलण्याआधी या चुका टाळा

मंगळवार पेठेत माझं औषधाचं दुकान आहे. थंडी पडायला लागली की केसांच्या तक्रारी वाढतात. परवा एक काकू आल्या आणि पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढून काउंटरवर ठेवली. आत केसांचा गुंता.

"एका आंघोळीतलं हाय ह्ये. कुठलं तेल लावू?"

"मधे आजारी होता काय?"

"गणपतीत डेंगी झालता. पण त्येला आता तीन महिनं झालं की!"

तीन महिने झाले म्हणूनच तर गळतायत. तापाच्या झटक्यानं बरेच केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्रच गळून पडतात. टायफॉइड, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून घटवलेलं वजन, सगळ्यांचा हिशेब हाच. माणूस मात्र कालच्या शाम्पूला नाहीतर बोअरच्या पाण्याला शिव्या घालतो. यात मुळं शाबूत असतात, बहुतेकांचे केस सहा महिन्यांत सावरतात. तेव्हा आधी कॅलेंडर मागं उलटा. दिवसाला 50 ते 100 केस तर कुणाचेही जातात.

दुसरी चूक तरण्या पोरांची. केस उगवायचं मिनॉक्सिडिल नेतात आणि महिन्याभरात तणतणत येतात, "ह्यानं तर जास्तच गळाय लागलं!" सुरुवातीला जुने केस ढकलले जातात, ते अपेक्षितच आहे. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केलं की कमावलेलं जातं. हे मुळात रक्तदाबाचं औषध. गोळ्या खाणाऱ्यांच्या अंगावर लव वाढलेली दिसली आणि 1988 मध्ये अमेरिकेत डोक्याला लावायचं औषध म्हणून मान्यता मिळाली. हल्ली त्वचारोगतज्ज्ञ कमी डोसची गोळीही देतात, पण ती मनानं घेऊ नका: पाय सुजतात, छातीत धडधडतं. टकलावरची फिनास्टेराइड गोळी घेत असाल तर प्रोस्टेटसाठीच्या पीएसए या रक्ततपासणीआधी डॉक्टरांना सांगा, कारण आकडा जवळपास निम्मा दिसतो. जिममध्ये शरीर कमवायला टक्कल वाढवणाऱ्या टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची, इंजेक्शनं टोचायची आणि टकलासाठी माझ्याकडं यायचं, हे तर आगीत तेल ओतून बंब बोलावण्यासारखं.

केसांसाठी खपणाऱ्या बायोटिन या व्हिटॅमिनचा खप बघून मला दुकानदार म्हणून आनंद व्हायला हवा, पण खरी कमतरता क्वचितच असते. उलट मोठ्या डोसमुळं थायरॉइडचे रिपोर्ट चुकतात आणि हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिन चाचणीही खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं 2017 मध्येच तसा इशारा दिलाय. रक्त तपासायचंच तर डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघा. आणि 'जास्त घेतलं तर काय बिघडतंय?' म्हणणाऱ्यांनी सेलेनियम हे खनिज आठवावं. ते प्रमाणाबाहेर गेलं तर केसच गळतात. 2025 च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांना अचानक टक्कल पडलं, तेव्हा डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी गव्हातल्या जादा सेलेनियमकडंच बोट दाखवलं होतं.

चाई पडली की अजूनही कुणीतरी बिब्बा लावायला सांगतं. कातडी भाजते, एवढंच! चाई किड्यानं खाल्ल्यानं पडत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळावर उलटते. लहान चट्ट्यात डॉक्टर स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. मोठ्या प्रमाणावर केस गेलेल्यांसाठी बॅरिसिटिनिब ही गोळी आली, अमेरिकेत 2022 मध्ये मान्यता मिळालेली. महाग आहे, आणि प्रतिकारशक्ती दाबते म्हणून आधी टीबी वगैरे तपासावं लागतं. लहान पोराच्या डोक्यात मात्र चट्ट्यावर खवले आणि तुटके केस दिसले तर ती बुरशी असू शकते. तिला पोटातून गोळ्या लागतात. गजकर्णाचं स्टेरॉइडवालं मलम चोळलं की ती वरवर दबते, पण पसरत जाते.

सगळ्यात महाग पडते ती ढिलाई. डोक्यात आग, खाज, आणि कातडी गुळगुळीत होऊन केसांची छिद्रंच नाहीशी होत असतील तर तिथं केस परत येत नाहीत. असा आजार आत असताना ट्रान्सप्लांट केलं तर लावलेलेही जाऊ शकतात. डॉक्टर डर्मोस्कोप नावाच्या भिंगानं बघतात, शंका आली तर कातडीचा 4 मिमीचा तुकडा काढून तपासतात. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, दाखवा नाहीतर खासगीत, पण उद्या-परवा करू नका. जाताना डोकं तेलानं चोपडून जाऊ नका, लेन्सखाली काही दिसत नाही.

काकूंना मी काहीच विकलं नाही, डॉक्टरांना दाखवा म्हटलं. त्या जरा नाराजच झाल्या आणि पिशवी काउंटरवरच विसरून गेल्या.