नावातला ‘मिंग’ कसा उलगडावा

चिनी नावाचा अर्थ शोधताना बहुतेकांची पहिली चूक होते ती नुसत्या उच्चारावर विसंबण्याची. ‘मिंग’ या एकाच उच्चाराची, एकाच चढत्या सुराची निरनिराळी अक्षरे असून त्यांचे अर्थ ‘उजळ’, ‘नाव’, ‘पक्ष्यांचा आवाज’, ‘कोरीव लेख’ असे वेगवेगळे आहेत. म्हणून ते नाव चिनी लिपीत कसे लिहितात, हे आधी पाहावे. मग आडनाव बाजूला काढावे. ते आरंभीच असते. बास्केटबॉलपटू याओ मिंग यांच्या नावात ‘याओ’ हे आडनाव आहे, तेव्हा अर्थ पाहायचा तो ‘मिंग’चा.

त्यांचा ‘मिंग’ आठ रेघांचा आहे : डावीकडे चार रेघांचा सूर्य, उजवीकडे चार रेघांचा चंद्र. कोशात तो सूर्याच्या चिन्हाखाली शोधावा. सूर्य आणि चंद्र मिळून उजेड, ही फोड लक्षात ठेवायला सोयीची असली तरी तेवढ्यावर थांबू नये. श्यू शेन याने इ. स. 100 च्या सुमारास रचलेल्या ‘श्वोवेन ज्येझी’ या कोशात मुख्य रूप म्हणून जे दिले आहे, त्यात सूर्याच्या जागी खिडकी आहे आणि सूर्य-चंद्राचे रूप त्याच्या जोडीला नोंदवलेले आहे. खिडकीतून घरात आलेले चांदणे ही कल्पना मला तरी अधिक मोहक वाटते.

पुढे अर्थ कसा पसरला, हेही पाहावे. आपल्या डोक्यात जसा प्रकाश पडतो, तसाच या अक्षरातही उजेडापासून स्पष्टता आणि समज हे अर्थ आले. त्यामुळेच बौद्ध ग्रंथांच्या चिनी अनुवादांत ‘विद्या’साठी हेच अक्षर आले आणि ‘अविद्या’ झाली ‘वू-मिंग’, म्हणजे मिंग नसणे.

नाव चीनबाहेरचे असेल, तर उच्चार बदलतो. जपानी चित्रपट दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचे ‘अकिरा’ आणि व्हिएतनामचे नेते हो चि मिन्ह यांचे ‘मिन्ह’ ही दोन्ही याच अक्षराची वाचने आहेत. मात्र ‘हो’च्या अक्षरातही उजवीकडे चंद्रासारखी आकृती दिसते, तिला फसू नये, ती मुळात मांसाची खूण असून त्या अक्षराचा जुना अर्थ बैलाच्या गळ्याखाली लोंबणारी पोळी असा आहे.