अ‍ॅझ्टेक आणि स्पॅनिश सैनिकांची पहिली गाठ: साक्षीदारांचे वृत्तान्त वाचताना या चुका टाळा

८ नोव्हेंबर १५१९ रोजी तलावातल्या तेनोच्तित्लान या अ‍ॅझ्टेक राजधानीकडे जाणाऱ्या बांधरस्त्यावर स्पॅनिश मोहिमेचा म्होरक्या एर्नान कोर्तेस आणि अ‍ॅझ्टेक राजा मोक्तेसुमा समोरासमोर आले. या भेटीची गोष्ट नेहमी एकाच साच्यातून निघते: भोळा राजा, परत आलेला देव आणि मूठभर शूर सैनिक. मूळ वृत्तान्त शेजारी शेजारी ठेवून वाचले की हा साचा टिकत नाही. तरीही लेख, नोट्स आणि व्हिडिओंमध्ये तो पुन्हा पुन्हा येतो, कारण वाचतानाच काही ठरावीक चुका होतात.

सगळ्यांची खिचडी करणे

सर्वांत मोठी चूक हीच. थोडं कोर्तेसकडून, थोडं बर्नाल दियासकडून, थोडं नाहुआत्ल या अ‍ॅझ्टेकांच्या भाषेतल्या ग्रंथातून घ्यायचं आणि एक सलग प्रसंग तयार करायचा. प्रत्यक्षात काय काय लिहिलंय ते पाहा.

कोर्तेस सांगतो की तो घोड्यावरून उतरून मिठी मारायला पुढे झाला, पण राजाच्या दोन्ही बाजूंच्या सरदारांनी हात घालून त्याला अडवलं. मग त्याने आपल्या गळ्यातली काचमण्यांची माळ काढून मोक्तेसुमाच्या गळ्यात घातली. थोडं पुढे गेल्यावर एक सेवक कापडात गुंडाळलेल्या दोन माळा घेऊन आला. त्या लाल शंखांच्या होत्या आणि प्रत्येकीला जवळजवळ वीतभर लांबीच्या सोन्याच्या आठ कोळंब्या लटकत होत्या. बर्नाल दियास देल कास्तियो हा त्याच तुकडीतला सैनिक. मिठी अडवल्याचं तोही सांगतो. काचमण्यांच्या माळेला कस्तुरीचा वास लावला होता हे त्याच्या लक्षात राहिलंय, आणि मोक्तेसुमाचे सरदार त्याच्या तोंडाकडे नजर वर करून बघत नव्हते हेही. नाहुआत्ल वृत्तान्तात मात्र स्पॅनिश लोक राजाचा हात धरून चालतात, त्याला न्याहाळतात, घोड्यावर चढतात आणि त्याला बघायला पुन्हा खाली उतरतात.

यातलं खरं काय? कदाचित सगळंच, कारण मिठी अडवली गेली ती पहिल्या क्षणी, आणि हात धरला तो नंतर. पण कोणाला काय टिपावंसं वाटलं ते बघा. ज्या राजाकडे त्याची माणसं मान वर करून बघत नाहीत, त्याला परके लोक न्याहाळत होते. नाहुआत्ल सांगणाऱ्याला हेच सलत होतं. एकत्र कालवलं की हा सल हरवतो. म्हणून तीन रकाने पाडा, तिन्ही वृत्तान्त वेगवेगळे लिहा, आणि जिथे जुळत नाहीत तिथे जुळवू नका.

कोर्तेसच्या पत्राला रोजनिशी समजणे

भेटीचं वर्णन असलेलं त्याचं दुसरं पत्र ३० ऑक्टोबर १५२० चं आहे, म्हणजे जवळपास एक वर्षानंतरचं. मधल्या काळात मोक्तेसुमा मेला होता आणि ३० जूनच्या रात्री कोर्तेसला असंख्य माणसं गमावून शहरातून पळावं लागलं होतं. शिवाय क्युबाचा गव्हर्नर दिएगो वेलास्केस याची आज्ञा मोडून तो निघालेला होता. सम्राट पाचव्या चार्ल्सने पाठीशी घातलं नसतं तर तो सरळ बंडखोर ठरला असता. हे पत्र म्हणजे त्याची कैफियत आहे.

आता त्यातलं मोक्तेसुमाचं प्रसिद्ध भाषण वाचा. आमचे पूर्वज बाहेरून आले, त्यांचा धनी निघून गेला, त्याचे वंशज येतील असं आम्ही मानत आलो, तेव्हा तुमचा राजा तोच असणार. कोर्तेसच्या खटल्याला याहून सोयीचं वाक्य कोणतं? हे बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं ते दुभाष्यांमार्फत. मालिंत्सिन नाहुआत्लमधून मायामध्ये सांगायची आणि खेरोनिमो दे आगिलार मायामधून स्पॅनिशमध्ये. तेव्हा ‘मोक्तेसुमा म्हणाला’ असं लिहू नका, ‘कोर्तेसच्या पत्रानुसार मोक्तेसुमा म्हणाला’ असं लिहा.

देव समजल्याची गोष्ट पहिल्या दिवसापासूनची मानणे

त्या भाषणात केत्सालकोआत्ल या देवाचं नाव कुठेही नाही. कोर्तेस म्हणजे परत आलेला केत्सालकोआत्ल ही जोडणी पुढच्या काही दशकांतल्या लिखाणात घट्ट होत गेली. १५१९ मध्ये मोक्तेसुमाच्या माणसांनी केलं काय ते बर्नाल सांगतो. किनाऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्याने चित्रकार सोबत आणले होते. त्यांनी कोर्तेसचा चेहरा, जहाजं, घोडे, दोन शिकारी कुत्रे, तोफा आणि तोफगोळे हुबेहूब काढून घेतले, आणि ती चित्रं राजधानीत रवाना झाली. ही शुद्ध हेरगिरी आहे. मग भेटवस्तू आल्या आणि त्यासोबत राजधानीकडे येऊ नका असा निरोपही. एका सावध राज्याचं हे वागणं ‘भोळ्या श्रद्धे’त बुडवणं हा त्या लोकांवर अन्याय आहे, आणि तो पाचशे वर्षं चालू आहे.

बारावं पुस्तक: कोणता रकाना वाचताय?

बर्नार्दिनो दे साआगुन हा फ्रान्सिस्कन साधू १५२९ मध्ये मेक्सिकोत आला, म्हणजे तो साक्षीदार नव्हे. त्याच्या देखरेखीखाली नाहुआ (नाहुआत्ल बोलणाऱ्या) विद्वानांनी वृद्धांकडून माहिती गोळा केली आणि फ्लोरेंटाइन कोडेक्स हा हस्तलिखित ग्रंथ तयार झाला. त्यातलं बारावं पुस्तक या युद्धाचं आहे; वर आलेला नाहुआत्ल वृत्तान्त त्यातलाच. आज आपल्यापुढे असलेली प्रत १५७० च्या दशकातली. सांगणारे बहुतेक त्लातेलोल्कोचे होते. हे तेनोच्तित्लानला लागूनच असलेलं आणि त्याच्या अंमलाखाली गेलेलं शहर. मोक्तेसुमा त्यात इतका घाबरट का दिसतो, याचं निदान अर्धं उत्तर इथे आहे. सुरुवातीचे आठ अपशकुनही पराभवानंतर मागे वळून सांगितलेले आहेत.

पानावर दोन रकाने आहेत, नाहुआत्ल आणि स्पॅनिश, आणि ते एकमेकांचं शब्दशः भाषांतर नाहीत. डोंगरखिंडीत मोक्तेसुमाचे दूत सोनं भेट देतात तो प्रसंग घ्या. नाहुआत्लमध्ये स्पॅनिश लोक माकडांसारखं सोनं उचलून धरतात, डुकरांसारखे त्याच्यासाठी वखवखतात. स्पॅनिश रकान्यात ते सोनं बघून फार आनंदले, एवढंच. तुमच्या हातातलं भाषांतर कोणत्या रकान्यावरून केलंय हे प्रस्तावनेत शोधा. तिथे सांगितलेलं नसेल तर ते उद्धृत करू नका.

नावांचे घोळ

स्पॅनिश इतिहासकार लोपेस दे गोमाराला साक्षीदार म्हणू नका. त्याचा इतिहास १५५२ चा, पण तो मेक्सिकोला कधी गेलाच नाही. आगिलारही दोन आहेत: दुभाषा खेरोनिमो आणि म्हातारपणी आठवणी सांगणारा सैनिक फ्रान्सिस्को, जो पुढे डोमिनिकन साधू झाला. मोक्तेसुमा, मोतेकुसोमा आणि माँटेझुमा हा एकच माणूस. शोधताना तिन्ही रूपं टाकून बघा.

बर्नालवर पूर्ण विश्वास, किंवा अजिबात नाही

त्याने ग्वातेमालात बसून १५६८ च्या सुमारास लिखाण संपवलं, म्हणजे घटनेला जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती. गोमाराने सगळं श्रेय कोर्तेसला दिल्याचा राग आणि साध्या सैनिकांना काही मिळालं नाही ही तक्रार पानोपानी दिसते. तरीही मोहिमेतल्या सोळा घोड्यांचे रंग आणि स्वभाव तो एकेक करून सांगतो, एक घोडी जहाजावरच व्याली हेही. अशा बारकाव्यांसाठी त्याच्याकडे जा. लांबलचक संवादांसाठी जाऊ नका.

आवृत्तीही तपासा. १६३२ ची माद्रिद आवृत्ती छापली गेली तेव्हा तो हयात नव्हता. संपादक साधूने आपल्या मर्सिडेरियन पंथाचं महत्त्व वाढवणारा मजकूर त्यात घुसडला. ग्वातेमालात राहिलेल्या हस्तलिखितावरून केलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या.

आकडे आणि गायब झालेले मित्र

राजधानीकडे जाताना वाटेत लागलेल्या त्लाश्काला या राज्याशी झालेल्या लढाईत एका सकाळी आपल्यावर १,४९,००० हून जास्त लोक चालून आले, असं कोर्तेस लिहितो. त्याच मोहिमेतल्या मोठ्या लढाईसाठी बर्नाल ५०,००० च्या आसपासचा आकडा देतो. दोन्ही अंदाजच आहेत, त्यांची सरासरी काढण्यात अर्थ नाही.

‘काहीशे स्पॅनिशांनी साम्राज्य जिंकलं’ हे वाक्य तर लिहूच नका. नोव्हेंबरमध्ये ते शहरात शिरले तेव्हा सोबत हजारो त्लाश्काल्तेक, म्हणजे लढाईनंतर मित्र झालेल्या त्याच त्लाश्कालाचे, योद्धे होते. त्यांची स्वतःची साक्षही आहे: १५५२ च्या सुमारास तयार झालेला, कापडावर रंगवलेला ‘लिएन्सो दे त्लाश्काला’. पण तीही डोळे मिटून घेऊ नका. त्लाश्कालाला स्पॅनिश राजाकडून सवलती हव्या होत्या, त्यामुळे त्या रंगवलेल्या कापडावर ते पहिल्यापासून मित्र आहेत. सप्टेंबर १५१९ मध्ये त्यांनी कोर्तेसशी दोन आठवड्यांहून अधिक काळ दिलेली झुंज त्यात नाही. ती वाचायची तर पुन्हा कोर्तेस आणि बर्नालकडेच जावं लागतं.